रात्री लायपो चार्जिंगला लावून झोपणारे, हात वर करा

वावरातला पायलट
परवा पारावर झालेला वाद इथं आणतो. आमच्या गावात फवारणीचे दोन ड्रोन आहेत, अन् माझ्यासारखे फोमची विमानं उडवणारे दोन-तीन रिकामटेकडे. ड्रोनवाले म्हणतात, लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमरच्या बॅटऱ्या, रात्री चार्जिंगला लावायच्या, सकाळी फुल्ल. मी म्हणतो, चार्जरवर लायपो असेल तर झोपायचं नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, मीच शहाणपणा केला होता. दुपारी विमान उडवून आलो, बॅटरी हाताला चटके देत होती, तशीच सांदवाडीत टिनाखाली चार्जरला लावली. तीन सेलची, 2200 एमएएचची, चिल्लर. वीसेक मिनिटांनी गोडसर वास आला. पाहतो तर पॅक टम्म फुगलेला, वरचं निळं प्लास्टिक शिवणीवर उसवत चाललेलं. प्लग ओढला, सांडशीनं उचलून रेतीच्या घमेल्यात टाकली. दोन हातांवर कुटाराचा ढीग होता. जागा होतो म्हणून वास आला.

पराटीवाला भाऊ
दादा, बोलणं सोपं हाय. दिवसा लाइन राह्यते कुठी? फवारा सकायी वारा पडलेला असतानाच होते. सहा बॅटऱ्या रात्री नाई लावल्या तर गिऱ्हाइकाले काय सांगू? चार्जर दर सेलले 4.2 व्होल्टवर आपोआप थांबते. अन् मोबाइल उशाशी लावून सारं गाव झोपते, त्याचं काय?

वावरातला पायलट
मोबाइलात एकच सेल, वर संरक्षणाचं सर्किट. छंदाच्या लायपोत ते बहुधा नसतंच; सगळी राखण चार्जरच्या भरवशावर. बॅलन्सची पांढरी पिन, जिच्यातून चार्जर एकेक सेल वेगळा पाहतो, ती नीट बसली नाही अन् चार्जर साध्या मोडवर असला, तर तो फक्त बेरीज पाहतो. तीन सेलचे 12.6 झाले की खूश. त्यात एक 4.35 अन् बाकीचे दोन 4.12 असले तरी त्याला पत्ता नाही.

वायरमनचा पुतण्या
मी दोघांच्याही विरोधात. पायलटभाऊ, तुमची बॅटरी दिवसाच फुगली, म्हणजे दोष रात्रीचा नाही, गरम बॅटरी लावण्याचा. चार्जिंगची मर्यादा बहुतेक पॅकवर 45 अंश लिहिलेली असते, अन् मे महिन्यात टिनाखाली हवाच तेवढी तापते. रात्रीचा गारवा उलट बरा.

पण भाऊ, तुमचाही हिशोब चुकतो. लाइन गेली की माझा चार्जर बंद, आली की सुरुवातीच्या पडद्यावर येऊन बटणाची वाट पाहत बसतो. सकाळी उठून पाहावं तर बॅटरी अर्धीच. मग झोपून मिळवलं काय?

पराटीवाला भाऊ
इन्वर्टरवर लावतो ना!

वायरमनचा पुतण्या
लावा. बारा सेल, 16000 एमएएच म्हणजे एका बॅटरीत 710 वॅट-तास. सहाचे सव्वाचार युनिट. इन्वर्टरची 150 एएचची बॅटरी कागदावरच 1800 वॅट-तासांची. दोन भरतील न भरतील तोच घरचे पंखे बंद, अन् मग वहिनी तुम्हाला बॅटऱ्यांसकट ओट्यावर झोपवतील.

ताई, बचत गटातून
आम्ही ओट्यावरच लावतो. खाली फरशी, जवळ रेती, कुटार-कापूस लांब. पण मला दुसरंच विचारायचंय. पावसानं आठ दिवस फवारणी थांबली अन् बॅटऱ्या फुल्ल पडून राहिल्या. दोन फुगल्या. त्या निकामी करायला मिठाच्या पाण्यात टाकू का?

वावरातला पायलट
ताई, मिठाच्या पाण्यावर भरवसा नको. आधी प्लगची पिनच गंजते, आत करंट तसाच राहतो. माझी लहान बॅटरी मी गाडीच्या 12 व्होल्टच्या बल्बावर उतरवली, मोकळ्या जागी, समोर बसून. तुमच्या बारा सेलला तो बल्ब चालायचा नाही, लगेच उडेल. त्या दोन चार्ज करू नका, घराबाहेर ठेवा, विकणाऱ्याला परत घ्यायला लावा. बाकीच्या, दोन-तीन दिवसांहून जास्त पडून राहणार असतील, तर चार्जरच्या स्टोरेज मोडवर सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून ठेवा.

पराटीवाला भाऊ
हे स्टोरेजचं पटलं. माह्या तर दिवाळीपासून फुल्लच पडून हायेत. अन् झोपायचं म्हणाल तर, ओलिताची मोटर चालू कराले मी चार वाजता उठतोच. तवा लावीन. पन उजेडापर्यंत दोनच होतील. बाकीच्या चार?

वायरमनचा पुतण्या
जनरेटर. वावरात. पण उतरलेली बॅटरी आधी झाडाखाली गार होऊ द्या.

पराटीवाला भाऊ
पेट्रोल तू भरतं का बे?