बोइंगचा म्युलनबर्ग: कायद्यात बसलं म्हणून बरोबर का?

चक्रधर
डेनिस म्युलनबर्ग १९८५ साली बोइंगमध्ये इंटर्न म्हणून आला आणि २०१५ मध्ये सीईओ झाला. हाडाचा इंजिनियर. 'वर हिशेबनीस बसले म्हणून बोइंग घसरली' म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगावं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. सातच आठवड्यांनी संचालक मंडळाने लाभांश २० टक्क्यांनी वाढवला आणि २० अब्ज डॉलरच्या बायबॅकला, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर बाजारातून विकत घ्यायला, मंजुरी दिली. मार्चमध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स पडलं, आणखी १५७. डिसेंबर २०१९ मध्ये साहेबांना काढलं. नोकरीवरून काढल्याबद्दलची भरपाई दिली नाही म्हणे, पण आधीचे शेअर आणि पेन्शन मिळून सुमारे ६.२ कोटी डॉलर घेऊन गेले.

ज्याची कमाई शेअरच्या भावावर, त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली. कुंपणच शेत खाणार, दुसरं काय?

निळी_फाइल
असहमत. किल्ली मंडळाकडे असते, एकट्या सीईओकडे नाही. आणि अमेरिकेत बड्या अधिकाऱ्याने शेअर विकले की दोन कामकाजी दिवसांत फॉर्म ४ भरावा लागतो, सगळं उघड. त्यात 'विक्री' म्हणून दिसतात त्यातले पुष्कळ शेअर करापोटी कापलेले असतात. बातमीवाले तेवढंच वाचत नाहीत.

अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०२२ मध्ये म्युलनबर्गवर ठपका ठेवला तो मॅक्सच्या सुरक्षिततेबद्दल गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा, आतल्या माहितीवर शेअर विकल्याचा नव्हे. त्याने १० लाख डॉलर भरले, कंपनीने २० कोटी. आरोप मान्यही नाही, अमान्यही नाही.

चक्रधर
तो चोर आहे असं मी कुठे म्हटलं? सगळं नियमात बसतं हीच तर तक्रार आहे. बायबॅकने बाजारातले शेअर कमी होतात, मग एकही जादा विमान न विकता प्रतिशेअर नफा वाढतो. २०१३ ते २०१९ मध्ये यात सुमारे ४३ अब्ज डॉलर गेले!

नियमांचंही तेच. आधी ठरवून ठेवलेल्या योजनेनुसार शेअर विकायची सोय २००० पासून आहे. योजना केल्यावर अधिकाऱ्याने निदान ९० दिवस थांबावं हे सुचायला २०२२ उजाडलं.

पंखा_क्र_दोन
अहो, पण विमान शेअरमुळे पडलं का? मॅक्समधलं एमसीएएस हे सॉफ्टवेअर आपोआप विमानाचं नाक खाली दाबायचं ते एकाच सेन्सरच्या भरवशावर. आणि नवं विमान न काढता जुन्या ७३७ लाच नवी इंजिनं लावायचं २०११ मध्ये ठरलं, तेव्हा हा सीईओ नव्हता. एअरबसचं ए३२० निओ ग्राहक पळवत होतं, घाई त्याची होती. (बायबॅकचं कौतुक मलाही नाही.)

चक्रधर
२०११ चं मान्य. पण लायन एअरनंतरचे ते सात आठवडे? तेव्हा तोच होता ना?

निळी_फाइल
होता. तिथे माझ्याकडेही उत्तर नाही. पण मग मंडळाची नावं घ्या की, एकट्यालाच काय झोडपता?

आलेख
माझा मुद्दा रुक्ष आहे. २०१८ मध्ये कंपनीने स्वतःचे शेअर तीनशे डॉलरच्या वर घेतले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पैशांची चणचण म्हणून नवे शेअर १४३ ला विकले. एवढं करून बायबॅकला 'शहाणपणाची गुंतवणूक' म्हणणाऱ्यांनी पुढे यावं, मी थांबलोय.