इजिप्तला दोन समुद्र असताना सगळे नाईलचंच का सांगतात?

मृदगंध

मुलगी सहावीत आहे. काल पुस्तकात ‘इजिप्त ही नाईलची देणगी’ हे हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचं वाक्य वाचलं आणि नकाशा पसरून बसली. म्हणाली, "आई, वर भूमध्य समुद्र, उजवीकडे तांबडा समुद्र. मग ही माणसं नदीलाच का धरून बसली? समुद्राला घाबरायची का?" मला धड उत्तर देता आलं नाही. कुणी नीट सांगेल का?

दर्यावर्दी

ताई, घाबरत नव्हती. मी २६ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, तांबड्या समुद्रातून कितीदा गेलो त्याची मोजदाद नाही. त्याच्या उत्तर भागात वारा बहुतेक बारा महिने उत्तरेकडून, वायव्येकडून. सुवेझकडे चढताना लाटा थेट नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर येतात. आम्हाला इंजिन होतं. ज्यांच्याकडे फक्त शीड आणि वल्ही, त्यांचं काय होत असेल ते मी तिथे डेकवर उभा राहून अनेकदा मनात आणलंय. माझे आजोबा हर्णैला गलबतावर तांडेल होते. आधी वारा कुणाच्या बाजूचा ते बघ, मग पाण्याचं बोल, असं ते सांगायचे.

नाईलवर तोच उत्तरेचा वारा मित्र होतो. नदी उत्तरेकडे वाहते, वारा दक्षिणेकडे. उतरताना प्रवाह नेतो, चढताना शीड. अस्वानच्या धबधब्यापासून समुद्रापर्यंत हजारावर किलोमीटर अशी दुहेरी वाट फुकट मिळाली, म्हणून एवढा लांब चिंचोळा देश एका राजाच्या हाताखाली राहू शकला. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाणं म्हणजे शीड उभारलेली होडी, उत्तरेला जाणं म्हणजे शीड उतरवलेली होडी. मुलीला हे काढून दाखवा.

तांबड्या समुद्रात हाच वारा परतताना वैरी होतो. पुंटला, म्हणजे एरिट्रिया-सोमालियाच्या बाजूला कुठेतरी, जाताना सोपं. ऊद-धूप भरून परतताना वारा तोंडावर आणि किनाऱ्यालगत प्रवाळाचे खडक. तरी गेले. इजिप्तच्या हातशेपसुत राणीने मुळासकट धुपाची झाडं टोपल्यांतून आणवली, ते देर अल-बहरीच्या तिच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलंय. जहाजांखाली तांबड्या समुद्रातले मासेसुद्धा कोरलेत. ते बघितलेल्या माणसानेच सांगितले असणार, असं मला वाटतं.

सुतारपक्षी

लाकडाचं राहिलं. इजिप्तमध्ये बाभूळ आणि उंबराच्या जातीची झाडं, त्यांच्या फळ्या आखूड. लांब फळीसाठी लेबनॉनचा देवदार, तो बिब्लॉस बंदरातून भूमध्य समुद्रावरून यायचा. स्नेफरू राजाच्या काळी ४० जहाजं भरून देवदार आल्याची नोंद पालेर्मोच्या शिळेवर, म्हणजे जुन्या राजांच्या नोंदी कोरलेल्या दगडावर आहे. समुद्रात जाणाऱ्या जहाजाला त्यांच्या भाषेत ‘बिब्लॉसचं जहाज’च म्हणत, मग ते तांबड्या समुद्रातलं का असेना!

मृदगंध

काका, एक अडलं. नाईलवरून जहाज तांबड्या समुद्रात जायचं कसं? मध्ये तर वाळवंट आहे.

दर्यावर्दी

हाच प्रश्न मलाही पडला होता. नाईलचं एक वळण पूर्वेला समुद्राकडे सरकतं, तिथे कॉप्टोस, आजचं किफ्त. तिथल्या गोदीत जहाजं बांधायची, सुटी करायची आणि फळ्या, दोर, पाणी, धान्य घेऊन माणसं-गाढवं सुमारे १५० किलोमीटर वाळवंट तुडवत किनाऱ्याला न्यायची. तिथे पुन्हा जोडायची. त्या किनाऱ्यावरच्या मर्सा गवासिसला गुहांत चार हजार वर्षांपूर्वीचे दोर वेटोळी घालून ठेवलेले सापडले, जहाजाच्या फळ्या सापडल्या, ‘पुंटच्या अद्भुत वस्तू’ असं लिहिलेल्या पेट्यांचे अवशेषही. त्या दोरांचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ बघत बसलो. इतकी नीट वेटोळी पुन्हा येणाऱ्यानेच घातलेली असतात.

याहून जुनं बंदर तांबड्या समुद्रावरचंच वादी अल-जर्फ, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळचं. समोरच सिनाई, तिथलं तांबं हवं होतं. २०१३ साली तिथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. आतापर्यंत सापडलेले सर्वांत जुने लिहिलेले पपायरस (लव्हाळ्यापासून केलेले कागद) ते हेच. आणि रोजनिशीत काय, तर नाईलवरून तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड गिझाला पिरॅमिडसाठी नेण्याच्या फेऱ्या, दहा दिवसांत दोन-तीन. म्हणजे समुद्रावरची टोळी आणि नदीवरची टोळी एकच! नदी की समुद्र असा वाद त्या माणसाला कळलाच नसता.

सह्यकडा

नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगरातल्या उन्हाळी पावसाने यायचा, आपल्याकडे पावसाळा असतो त्याच महिन्यांत. इजिप्तमध्ये मात्र ढगही नाही. पूर कमी आला की दुष्काळ, म्हणून अस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर पायऱ्या खोदून पाण्याची पातळी मोजत. १९७० साली अस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि तो पूर इजिप्तात येणं थांबलं.

मृदगंध

मुलगी विचारतेय, जहाज जोडायचं कसं? खिळे होते का?

दर्यावर्दी

खुफूच्या पिरॅमिडजवळ १९५४ साली खड्ड्यात सुटं केलेलं जहाज सापडलं, ४३ मीटर लांब, १,२२४ तुकडे. फळ्या गवताच्या दोराने बांधलेल्या. आपल्या गोव्या-कोकणातही पूर्वी होड्या काथ्याने शिवत, तिला तसं सांगा. ते जहाज आता गिझाच्या नव्या संग्रहालयात आहे.