झुंज, सोबती आणि आपली मुले : ‘डिजिमॉन’वरील आक्षेपाला उत्तर

येऊर_पायथा :
गेल्या आठवड्यात नेरुळच्या एका शिक्षिकाबाईंनी येथे लिहिले की, ज्या मालिकांत मुले आपापले राक्षस एकमेकांवर सोडतात त्या सगळ्या म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीचे रंगीत रूप आहे. जनावराला पुढे करायचे आणि आपण बाजूला उभे राहून ओरडायचे, एवढेच मुले त्यातून शिकतात, म्हणून त्या घरात लावूच नयेत. उदाहरणादाखल त्यांनी ‘पोकेमॉन’ आणि ‘डिजिमॉन’ या दोन जपानी कार्टून मालिकांची नावे एका दमात घेतली. ते एका दमात घेणेच मला खटकले. चार दिवस गप्प राहून पाहिले, पण राहवले नाही.

‘डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर’ जपानमध्ये ७ मार्च १९९९ रोजी सुरू झाली आणि वर्षभरात तिचे ५४ भाग झाले. उन्हाळी शिबिराला गेलेली सात मुले एका वेगळ्याच जगात जाऊन पडतात आणि तेथे प्रत्येकाची वाट पाहत एकेक जीव, म्हणजे डिजिमॉन, बसलेला असतो. ही मुले ‘पोकेमॉन’मधल्यासारखी त्या जिवांना पकडत नाहीत, चेंडूत कोंडत नाहीत, त्यांना कोणतेही पदक जिंकायचे नसते. लढाई होते ती जगण्यासाठी, आणि जो लढतो तो बोलू शकतो, रुसू शकतो, नाही म्हणू शकतो. झुंजीच्या कोंबड्याला यातले काय शक्य असते?

बाईंनी निदान सोळावा भाग पाहावा. त्या सात मुलांतल्या तैचीला आपला सोबती डिजिमॉन अगुमॉन लवकरात लवकर पुढच्या, अधिक बलवान रूपात न्यायचा असतो, म्हणून तो त्याला पोट फुटेस्तोवर खाऊ घालतो. सोबती संकटात असला की डिजिमॉनचे रूपांतर होते, हे ठाऊक असल्यामुळे ऐन लढाईत तो मुद्दाम स्वतःचा जीव धोक्यात घालतो. रूपांतर होते, पण समोर उभा राहतो तो हाडांचा सापळा असलेला स्कलग्रेमॉन, ज्याला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. शक्ती संपल्यावर उरतो एक एवढासा कोरोमॉन, म्हणजे अगुमॉनचेच लहान रूप, आणि ‘तुझ्या अपेक्षेला मी उतरलो नाही’ म्हणून क्षमा तोच मागतो. पुढे बऱ्याच भागांनंतर कळते की, तैचीने लहानपणी आजारी बहिणीला खेळायला बाहेर नेले होते आणि ती मरता मरता वाचली होती. त्या वेळीही ‘मला चेंडू नीट मारता आला नाही’ म्हणून क्षमा त्या लेकरानेच मागितली होती. दुबळ्याला राबवल्यावर अपराधी कोण ठरतो, हा प्रश्न इतक्या थेटपणे विचारणारी मुलांची दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

आणि झुंजीचा एवढा तिटकारा असेल, तर पनवेल-उरणच्या माळांवर बैल पळवले जातात त्यावर बाईंनी आधी लिहावे.

नेरुळ_शिक्षिका :
आपण इतक्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल आभार. मी सव्वीस वर्षे पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवते आहे, आणि मी लिहिले ते डोळ्यांनी पाहून लिहिले. आमच्या इमारतीखाली गाड्या लावण्याच्या जागेत एका कुत्रीने पिल्ले दिली होती. नऊ-दहा वर्षांच्या तीन मुलांनी त्यांतली दोन पिल्ले उचलली, त्यांना मालिकेतल्या राक्षसांची नावे दिली आणि हल्ल्यांची नावे मोठ्याने पुकारत ती एकमेकांवर सोडली. मी जिना उतरून खाली पोहोचेपर्यंत एका पिल्लाचा कान फाटला होता. त्या मुलांना आपला सोळावा भाग कोणी दाखवला होता? मुले मालिका क्रमाने पाहत नाहीत; त्यांच्या हाती लागतात ते तुकडे, आणि त्या तुकड्यांत रूपांतर आणि मार, एवढेच असते.

दुसरे असे की, हे मालिकावाले मुलांचा किती विचार करतात हे जगाने पाहिलेले आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’चा एक भाग पाहून जपानमध्ये सहाशेहून अधिक लोकांना, त्यांतही बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते.

येऊर_पायथा :
ते लाल-निळ्या प्रकाशाच्या वेगवान उघडझापीमुळे घडले. मालिका चार महिने बंद ठेवली गेली आणि अशा उघडझापीबाबत तेथील वाहिन्यांनी नियम आखले. कथेशी त्याचा संबंध जोडणे योग्य नाही. पिल्लांचा प्रसंग मात्र वाईट आहे, आणि त्यावर माझ्याकडे तत्काळ उत्तर नाही.

जुईनगर_३५ :
‘डिजिमॉन’ला वर काढण्यासाठी ‘पोकेमॉन’ला खाली ढकलण्याची गरज नव्हती. शाळेतून धावत येऊन कार्टून नेटवर्कवर हिंदीत ‘पोकेमॉन’ पाहणाऱ्या पिढीतला मी आहे. ‘चेंडूत कोंडणे’ एवढेच ज्यांच्या लक्षात राहिले, त्यांनी ते नीट पाहिलेले नाही. ‘दुबळा’ म्हणून धन्याने पावसात टाकून दिलेला चारमँडर नावाचा पोकेमॉन, शेपटीवरची ज्योत विझली तर मरेल हे ठाऊक असूनही त्याची वाट पाहत बसतो, हा प्रसंग अकराव्या भागातच आहे. एकविसाव्या भागात मालिकेचा नायक अ‍ॅश आपल्या बटरफ्री या फुलपाखरासारख्या पोकेमॉनला त्याच्या थव्याबरोबर जाऊ देतो. ही मालिका ज्या व्हिडिओ खेळावरून आली तो निर्माण करणारे सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदा येथे किडे गोळा करत हिंडायचे आणि त्या छंदातूनच त्यांना ही कल्पना सुचली. आम्ही मुले पावसाळा सरताना मोकळ्या भूखंडांवर चतुर पकडायचो आणि त्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. कित्येकांची शेपटी तुटायची. तेव्हा आमच्या घरी दूरचित्रवाणी संचसुद्धा नव्हता. बाईंनी सांगावे, ते आम्हाला कोणत्या मालिकेने शिकवले होते?

पनवेल_तालुका :
मी ही मालिका पाहिलेली नाही आणि त्या वादात मला पडायचे नव्हते. परंतु येऊरच्या महोदयांनी शेवटच्या ओळीत आमचे बैल ओढून आणले, म्हणून लिहिणे भाग आहे. इमारतीत राहून जनावरांविषयी मते मांडणे सोपे असते. शर्यतीच्या बैलाला आमच्या घरात जे खायला मिळते ते घरातल्या माणसांनाही मिळत नाही. माझे वडील पहाटे उठून आधी गोठ्यात जात, चहा नंतर. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा आमच्या आजूबाजूच्या कित्येकांनी बैल विकले. न पळणारा बैल विकला की कोठे जातो, हे मी सांगायला नको. वडिलांनी आमचा बैल विकला नाही. तो पुन्हा कधी पळेल याची कसलीही खात्री नसताना त्यांनी त्याला सात वर्षे बसवून खाऊ घातले. याला आपण कोंबड्यांच्या झुंजीच्या पंगतीला बसवणार असाल, तर आपल्याला ना बैल कळला, ना सोबती.

घोडबंदर_रस्ता :
भावना समजतात, पण वस्तुस्थिती सोडता येत नाही. जनावरांना झुंजीसाठी चिथावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली ती अटींसह, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला तोही ती नियमावली गृहीत धरूनच. काठी आणि चाबूक चालणार नाही, असे तीत स्पष्ट आहे. मी स्वतः एका शर्यतीला गेलो होतो. छकडा सुटण्यापूर्वी बैलाची शेपटी पिरगाळताना आणि अंतिम रेषेजवळ काठी चालताना मी पाहिली आहे. धन्याने आदल्या रात्री किती पेंड चारली, याने त्या काठीचा वळ भरून निघत नाही.

पनवेल_तालुका :
एका शर्यतीत काठी पाहिली म्हणून शेकडो घरांना क्रूर ठरवू नका. नियम मोडणाऱ्याला पकडा, त्याला माझा पाठिंबा आहे. मात्र माझ्या वडिलांच्या प्रेमाचे प्रमाणपत्र मला घोडबंदरहून नको आहे.

घोडबंदर_रस्ता :
प्रमाणपत्र मी देत नाही. प्रेम असूनही राबवणे घडते, एवढेच मी म्हणतो. आपण ज्यावर रागावला आहात ते मी म्हटलेलेच नाही.

ऐरोलीची_आई :
बैलांवर एवढे लिहिले गेले आणि मुले कोठे राहिली? मला स्वतःचे थोडे सांगायचे आहे. माझ्या घटस्फोटाला सहा वर्षे झाली. धाकटा माझ्याजवळ ऐरोलीत असतो आणि थोरला त्याच्या वडिलांकडे खारघरला. ‘डिजिमॉन’मधले यामातो आणि ताकेरू नेमके असेच आहेत : आईवडील विभक्त, थोरला वडिलांकडे, धाकटा आईकडे, आणि सख्खे भाऊ असूनही आडनावे वेगळी. मला हे ठाऊक नव्हते. स्वयंपाक करता करता मागून आवाज ऐकू येत होता, तेवढ्यात धाकट्याने विचारले, ‘‘आई, ताकेरूची आई वाईट आहे का गं?’’ माझा हात थांबला. मी म्हटले, ‘‘तुला काय वाटतं?’’ तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘वाईट नाहीये. वेगळी राहते फक्त.’’ त्या रात्री त्याने आपण होऊन भावाला फोन केला. आता तो दर रविवारी ठाणे-पनवेल गाडी पकडून त्याच्याकडे जायचा हट्ट धरतो.

समुपदेशनासाठी ज्यांच्याकडे गेले, त्यांनी वर्षभरात माझ्या मुलाच्या तोंडून हे वाक्य काढले नव्हते. याच मालिकेत एका मुलाला आपण दत्तक आहोत हे चोरून ऐकल्यामुळे कळलेले असते, आणि एका मुलीला आईचे आपल्यावर प्रेमच नाही असे वाटत असते. राक्षस आहेत म्हणून एवढे सगळे घराबाहेर फेकायचे, हे मला मान्य नाही. शिक्षिकाबाईंचा अनुभव खरा असेल, पण माझाही खरा आहे.

नेरुळ_शिक्षिका :
ऐरोलीच्या ताईंनी लिहिलेले वाचून मी दोन दिवस काहीच लिहिले नाही. ‘लावूच नयेत’ हे माझे शब्द मी मागे घेते. जुईनगरच्या गृहस्थांचे चतुरांविषयीचे म्हणणेही मला नाइलाजाने मान्य करावे लागते, कारण माझ्या भावानेही ते केले आहे आणि दोरा मी आणून दिला होता. तरीही मुलांना एकटे बसवून हे दाखवू नये, या मताला मी धरून आहे. ऐरोलीत तो प्रश्न विचारला गेला तेव्हा मागे आई उभी होती. आमच्या इमारतीखालच्या त्या तीन मुलांच्या मागे कोणी नव्हते.

येऊर_पायथा :
हे मला मान्य आहे. बैलांविषयीची ती ओळ मी तावातावाने लिहिली, विषयासाठी तिची गरज नव्हती, हेही मान्य करतो. मात्र ‘तुकड्यां’चा दोष मालिकेवर टाकू नये. तैचीची बहीण हिकारी हिच्या टेलमॉन या मांजरासारख्या डिजिमॉनला वाचवण्यासाठी तिचा मित्र विझार्मॉन आपला जीव देतो, तो भाग मुलाशेजारी बसून पाहा. तेथे मृत्यू झटक्यात मागे पडत नाही. ती मांजर पुढेही त्याला विसरलेली दिसत नाही.

पनवेल_तालुका :
काल रात्री मुलीने तो सोळावा भाग मला लावून दिला. कौतुक करण्यासाठी मी लिहीत नाही. चित्रे मला भडक वाटली आणि आरडाओरडा फार आहे. पण एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. बंदीच्या आधीच्या वर्षी आमच्या बैलाला खांदेसूज झाली होती. वडील म्हणाले, या वेळी नको. मी ऐकले नाही, कारण माझ्या मित्रांना मी शब्द दिला होता. बैल पळाला आणि पहिलाही आला. संध्याकाळी त्याला खांद्याला हात लावू देवेना, पण मी वैरण घेऊन गेलो तेव्हा त्याने नेहमीसारखी माझ्या हाताला जीभ लावली. वडील त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. शर्यती बंद कराव्यात असे मी आजही म्हणत नाही. पण ते कोरोमॉन क्षमा मागू लागले तेव्हा मी उठून बाहेर गेलो, आणि मुलगी विचारत राहिली की काय झाले.

नेरुळ_शिक्षिका :
आपण हे लिहिलेत म्हणून मीही सांगते. ज्याने ते पिल्लू सोडले होते तो मुलगा आता रोज संध्याकाळी वाटीत दूध घेऊन खाली येतो. हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मी तर त्याला नुसती रागावले होते. वाटी खांबाजवळ ठेवून तो लांब जाऊन उभा राहतो. तो जिना चढून वर गेल्यावर मगच ते पिल्लू वाटीजवळ येते.