पेरू भिंतीला सपाट वाढवता येतो का?

गच्चीवाली_मुलुंड: सोसायटीच्या गच्चीवर कठड्यालगत ड्रममध्ये पेरूचं कलम लावलंय, कमरेएवढं झालंय आणि नुसतं वर पळतंय. युरोपात सफरचंद, नाशपाती तारांवर सपाट पसरवतात ना, एस्पॅलियर, तसं करायचंय. शेंडा आत्ताच मारू का? सेक्रेटरी आधीच कुरकुरतायत, पसारा नको.

दादरकर: मारा बिनधास्त, पण आधी तारा ओढा, पहिली दीड फुटावर, दुसरी त्याच्या वर तेवढ्याच अंतरावर. शेंडा पहिल्या तारेशी, डोळ्याच्या (म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर छाटायचा. मग फुटव्यांतला एक डावीकडे, एक उजवीकडे, एक सरळ वर ठेवायचा, बाकीचे कोवळे असतानाच खुडायचे. बाजूच्या फांद्या एकदम आडव्या करू नका हो, आधी तिरक्या बांधा, लांब झाल्या की हळूहळू खाली आणा, नाहीतर वाढ मंदावते. कलमाच्या जोडाखाली फुटलं तर लगेच काढा.

बोरिवलीची_मावशी: कठड्याला ड्रिल अजिबात नको गं, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्यांचं छत गळणार आणि बिल तुझ्या नावावर. लोखंडी अँगलची वेगळी फ्रेम कर. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, सैल, आठाच्या आकड्यासारख्या, तार सालीत रुतते.

दादरकर: मावशींना अनुमोदन. आणि भर पावसात मोठी छाटणी नको, जखम ओली राहिली की बुरशी धरते, मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. पेरूला फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून तोडणी झाली की आडव्या फांद्यांवरचे फुटवे दोन-तीन डोळे ठेवून छाटायचे.

गच्चीवाली_मुलुंड: फ्रेमवाल्याला फोन करते, थँक्यू!