तुरीनचा व्हिडिओ पुरावा धरू नका
इटालियन ऑपेरा गायक पावारोत्ती यांचा आवाज सत्तरीतही तसाच होता, असं म्हणत कुणीतरी २००६ च्या तुरीन हिवाळी ऑलिंपिकचा व्हिडिओ दिला आहे. पण त्यातलं 'नेस्सुन दोर्मा' हे ऑपेरातलं गाणं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं. मैदानात ते फक्त ओठ हलवत होते, वाद्यवृंदही वाजवल्याचा अभिनय करत होता. वाद्यवृंदाचे संचालक लेओने माजिएरा यांनीच हे नंतर सांगितलं.

उलटही होतं: चांगला आवाजही ध्वनिमुद्रणात उतरलेला वाटू शकतो. ऑपेरात माइकविना, अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. जवळच्या माइकमध्ये वयाचा कंप ठळक होतो, ती फेक मात्र हरवते. इटालियन ऑपेरा गायिका माग्दा ऑलिवेरो १९७५ मध्ये, पासष्टीत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'तोस्का' या ऑपेराची नायिका म्हणून पहिल्यांदा उभ्या राहिल्या! अशा गायिकेला फोनच्या स्पीकरवर दोन मिनिटं ऐकून 'आवाज गेला' म्हणणं मला अजिबात पटत नाही. निदान एक अंक तरी सलग ऐका.