फोनीमला मराठीत काय म्हणायचं? ध्वनी, वर्ण की स्वनिम?

विचारणा: भाची शिवाजी विद्यापीठाच्या बीएला आहे, इंग्रजी स्पेशल. परवा गाईड घेऊन बसलीवती, त्यात फोनीम म्हणजे ध्वनी आणि सिलॅबल म्हणजे अक्षर असं दिलंय. फोनीम म्हणजे ध्वनी, तर मग साऊंड म्हणजे काय, असं तिनं विचारलं आणि मला काय सांगताच येईना.

उत्तर: भाचीनं बरोबर बोट ठेवलंय. ध्वनी नको, स्वनिम म्हणा. तोंडातनं निघतो तो स्वन आणि जो बदलला की शब्दच बदलतो तो स्वनिम, एवढा फरक डोक्यात बसला की निम्मा पेपर सुटला. ताट आणि थाट घ्या, आपल्याला हे सरळ दोन शब्द, म्हणून त आणि थ मराठीत दोन स्वनिम. इंग्रजीत तसं नाही. लंडनचा माणूस पिन म्हणतो तेव्हा प बरोबर हवा सुटते, तोंडापुढं कागदाचा कपटा धरला तर हलतो, आणि स्पिन म्हणताना तोच कपटा गप्प राहतो. स्वन दोन झाले, पण हा प तिथं घातला म्हणून शब्द काय वेगळा होत नाही, म्हणून स्वनिम एकच.

आता उलटं बघा. मी राजारामपुरीत शिकवणी घेतो. वेट म्हणजे ओला आणि व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर, हे दोन शब्द म्हणून दाखवले की एक मुलगी म्हणायची, सर मला दोन्ही सारखंच ऐकू येतंय. तिच्या कानात काय खोट नव्हती, मराठीत व हा एकच स्वनिम आहे त्यामुळं कानाला तो भेद धरायची सवयच नाही. मग आरसा दिला हातात, ओठांचा चंबू केला की पहिला, वरचे दात खालच्या ओठाला टेकवले की दुसरा. दोन आठवडे गेले, पण बसलं.

दुसरं मत: वर्ण का नको? जुना, आपला शब्द आहे की.

उत्तर: शब्द मलाही आवडतो, पण वर्ण म्हटलं की लिहिलेलं डोळ्यापुढं येतं आणि तिथंच घोळ होतो. 'सगळं जग बघितलं' आणि 'शंभर वर्षं जग' यातला ज म्हणून बघा. लिहायला एकच, बोलायला दोन, आणि अर्थ वेगळे. म्हणजे आपल्या एका ज च्या पोटात दोन स्वनिम आहेत. इंग्रजीत टी-एच चं तेच, थिन मधला वेगळा, दिस मधला वेगळा. लिपीवर विसंबलं की फसलंच, इंग्रजीची लेटर 26 आणि ब्रिटिश आरपी उच्चारात (तिकडं प्रमाण मानतात तो) स्वनिम धरतात 44, त्यात 24 व्यंजनं आणि 20 स्वर.

सिलॅबलला अक्षर हा शब्द चुकीचा नाही, भाषाविज्ञानात तोच वापरतात, पण गाईडवाल्यानं लेटरलाही अक्षरच लिहिलं असेल तर पोरीचा गोंधळ होणारच. लेटरला लेटरच म्हणावं. स्ट्रेंग्थ्स या शब्दाच्या स्पेलिंगमधी लेटर नऊ, पण अक्षर एकच, कारण स्वर एकच. आपल्याकडं म्हातारी माणसं इस्कूल म्हणतात ना, तिथं एकाची दोन अक्षरं होतात, सुरुवातीचं जोडव्यंजन जिभेला जड जातं म्हणून पुढं इ लावायचा.

विचारणा: ताट-थाट सांगितल्यावर भाचीनं गाईडवर रेघ मारून स्वनिम लिहिलं. आता मॉर्फीमचं तेवढं सांगा.

उत्तर: रूपिम. काही पुस्तकांत पदिम दिसेल, तेच ते. अर्थ असलेला सगळ्यात लहान तुकडा. कॅट्स मधी दोन, कॅट आणि अनेकवचनाचा एस. आणि तो एस कॅट्स मधी स, डॉग्ज मधी झ, बसेस मधी इझ ऐकू येतो, तिन्ही मिळून रूपिम एकच. मराठीचं उदाहरण हवं तर तिला आपला 'आलतो' सोडवायला सांगा, आलो आणि होतो कुठं एकमेकांत शिरलेत ते तिचं तिलाच सापडंल.