भाजल्याच्या डागावर कॉपर पेप्टाइडचा उपयोग होतो का?

प्रश्न (दादर): आईच्या मनगटावर कुकरच्या वाफेने भाजल्याचा डाग राहिला आहे, जखम भरून तीन महिने झाले. दुकानदाराने निळसर कॉपर पेप्टाइड सीरम दाखवून, याने डागही जाईल आणि सुरकुत्याही, असे सांगितले. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर (मुलुंड): ताई, मी जीवरसायनशास्त्र शिकवतो. अशा सीरममधले पेप्टाइड म्हणजे सहसा जीएचके. ग्लायसीन, हिस्टिडीन व लायसीन या तीन अमिनो आम्लांचा हा छोटासा तुकडा संशोधक लॉरेन पिकार्ट यांना १९७३ मध्ये मानवी रक्तद्रवात सापडला, आणि तो तांब्याला घट्ट धरून ठेवतो म्हणूनच सीरमला तो निळा रंग येतो. त्वचेला तांबे लागतेच, कारण कोलेजन व इलॅस्टिनचे धागे एकमेकांत गुंफणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावाचून कामच करत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचापेशी जीएचके मिळाल्यावर अधिक कोलेजन तयार करतात, हेही खरे. मात्र काचेच्या बशीतल्या पेशी आणि आईंचे मनगट यांत फार अंतर आहे. माणसांवरील चाचण्या लहान आहेत आणि त्यांत भर सुरकुत्यांवर आहे, त्यामुळे डाग जाईल असे छातीठोकपणे सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

उत्तर (गोरेगाव): मी वर्षभर वापरले. त्वचा मऊ झाली, पण हनुवटीवरचा जुना व्रण तसाच आहे. व्हिटॅमिन सीच्या आम्लयुक्त सीरमसोबत ते एकाच वेळी लावू नका.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, सर. आईला आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेते आणि तोवर मनगट उन्हापासून झाकून ठेवायला सांगते.